एका परिच्छेदात एकच मुद्दा

डॉक्टर खरोट्यांनी ‘रुग्ण शुद्धीवर असून जबाब देण्याच्या स्थितीत आहे’ असं लिहून खाली सही केली, घड्याळात पाहून दोन वाजून दहा मिनिटं अशी वेळ टाकली आणि मला खिडकीपाशी घेतलं.

"साहेब, विचारायचं ते लवकर विचारा. अर्धा तास. फार तर पाऊण."

"नंतर?"

"नंतर काय," ते म्हणाले आणि चष्मा पुसू लागले.

मी तेव्हा नायब तहसीलदार होतो. सोलापूर जिल्ह्यातला तालुका, एक्क्याण्णव साल, वय एकतीस. मरणाच्या दारातल्या माणसाचा जबाब दंडाधिकाऱ्यानं घ्यायचा असतो आणि आमच्या तालुक्याला त्या दिवशी तो दंडाधिकारी मी होतो. पलंगावर सोजरबाई लोंढे होत्या. नान्नजकर शेठच्या फटाक्यांच्या शेडमध्ये सकाळी नऊ बायका कामाला गेल्या होत्या. त्यातल्या आठ जागच्या जागी संपल्या. नववी ही.

शेठकडे परवाना होता तो फटाके विकायचा. बनवायचा नव्हता. तरी गावामागच्या शेडमध्ये दारू घोटली जायची, हे तालुक्यात सगळ्यांना ठाऊक होतं. अळीमिळी गुपचिळी. आग लागल्यावर दोन तासांत शेठचा माणूस सांगत फिरू लागला, की दार सताड उघडं होतं, बायाच घाबरून आत पळाल्या. मुकादम दिगंबर तर म्हणे सकाळपासून बार्शीला पाहुण्यांकडे होता. गावातली माणसं दबक्या आवाजात दुसरंच बोलत होती. दाराला बाहेरून कुलूप असायचं. तपासनीस आला तर त्याला शेड बंद दिसावं म्हणून बाया आत कोंडून बाहेर कुलूप, आणि किल्ली घेऊन मुकादम दारात. पण हे सही करून सांगायला एकही माणूस तयार नव्हता. कुलूप तर जागेवरून गायबच झालं होतं. दार खरोखर बंद होतं हे आता जगात एकच बाई सांगू शकत होती.

वॉर्डच्या दाराशी तिची मुलगी उभी होती. सविता. सोळा-सतरा वर्षांची असेल. धुतलेले केस, वेणी न घातलेली.

"साहेब, मला एकदा आत सोडा. मी काय बोलनार न्हाई. नुसती हुबी ऱ्हाते."

"नियम नाही. जबाबाच्या वेळी नातेवाईक चालत नाहीत. मागाहून वकील म्हणतात, घरच्यांनी पढवलं."

"मग कवा सोडनार?"

"जबाब झाला की लगेच."

माझं म्हणणं नियमाला धरून होतं. मी नेहमीच नियमाला धरून असायचो.

इथं स्वतःविषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यातून निघालं. नोकरीत लागण्याआधी तीन वर्षं मी हायस्कुलात मराठी शिकवत होतो, आणि परिच्छेदलेखन हा माझा हातखंडा विषय होता. फळ्यावर मी मोठ्या अक्षरांत लिहायचो: एका परिच्छेदात एकच मुद्दा. पहिल्या वाक्यात तो मुद्दा मांडा. पुढच्या वाक्यांत त्याला आधार द्या, क्रमानं, आधीचं आधी, नंतरचं नंतर. शेवटच्या वाक्यात सार सांगा. जे मुद्द्याचं नाही ते कितीही गोड असलं तरी काढून टाका. पोरं माझ्या माघारी मला ‘मुद्दा सर’ म्हणायची आणि मला ते बिरुद वाटायचं. तहसिलीत आलो तरी ही खोड गेली नाही. साहेबांची टिपणं, कलेक्टर कचेरीला जाणारे खुलासे, सगळं माझ्या हातचं. ‘कुंभोजकरांचा परिच्छेद म्हणजे आरसा,’ असं तहसीलदार म्हणाले होते आणि मी ते बायकोला दोनदा सांगितलं होतं.

तर मी पलंगाजवळ स्टूल ओढलं. मांडीवर पाटी, पाटीवर कच्चे कागद. वाघमोडे सिस्टर सलाईनपाशी उभ्या राहिल्या. सोजरबाईंचा चेहरा बराचसा वाचला होता. बाकी सगळं पांढऱ्या चादरीच्या तंबूखाली होतं.

"बाई, मी तहसीलचा साहेब आहे. काय झालं ते सांगा."

"पानी," ती म्हणाली. सिस्टरांनी ओठांवर कापूस फिरवला आणि त्या डॉक्टरांमागून वॉर्डच्या दुसऱ्या टोकाला गेल्या.

"सांगा."

"सवितानं सकाळी डोकं धुतलं," सोजरबाई सांगू लागल्या. आवाज बारीक होता, पण शब्द कळत होते. "येनी घालून दे म्हनली. मी म्हनलं उशीर हुतोय. उशीर झाला की भाऊ बोलत्यात. मंग तशीच गेले."

"भाऊ कोण?"

"मुकादम. दिगूभाऊ. शांता लाल मसाला घोटत हुती. मी वाती भरत हुते. शांता म्हनली, वास कसला गं येतुया. मी म्हनलं मेथीचा. भाऊ भाईर जेवायला बसलंत. त्यावर समद्या हसल्या. शांता म्हनली, आपल्याला बी मेथीच आनायला पायजे हुती."

मी घड्याळाकडे पाहिलं. दोन वाजून एकोणीस.

"बाई, मुद्द्याचं बोला. दार उघडं होतं का बंद होतं?"

"बंदच असतंय की. कुलूप असतंय."

"कुणी लावलं होतं?"

"भाऊंनी. रोज लावत्यात. किल्ली कमरंला. मंग शांताच्या पुढ्यात भस्सकन झालं. आमी दाराकडं पळालो. दाराला वरती जाळी हाय, तितनं मी बगितलं. भाऊ, कुलूप काढा. समद्या बोंबलत हुत्या. भाऊ उठले. डबा खाली ठिवला. नीट ठिवला. झाकन लावलं."

"मग कुलूप काढलं का?"

"झाकन लावलं त्यांनी," ती पुन्हा म्हणाली. तिला ते काही केल्या ओलांडता येईना. "डब्याचं झाकन लावलं, साहेब. आन् पळाले."

मी हे सगळं कच्च्या कागदावर उतरवत होतो, तिच्याच शब्दांत, पेन्सिलीनं. दोन पानं भरली. त्यात शांता होती, वेणी होती, मेथी होती. एखाद्या बाईनं गाठोडं सोडून जमिनीवर पसरावं तसं सगळं पसरलेलं. ती आणखी बोलत राहिली, मी अधूनमधून तिला थांबवून दारावर आणत राहिलो. अडीचला मी पेन्सिल खाली ठेवली आणि पक्का कागद घेतला.

आता माझं काम सुरू झालं. त्या पसाऱ्यातून मुद्दा एकच काढायचा होता: दाराला बाहेरून कुलूप. उद्या शेठचा वकील प्रत्येक शब्द चिमट्यात धरून बघणार. त्यात वेणी, मेथी, हसणं असलं तर तो म्हणणार, बाई भ्रमात होती. मला त्या बाईची कणव आली होती, हे मी शपथेवर सांगतो. मला शेठला सोडायचं नव्हतं. म्हणून मी माझ्या आयुष्यातला सगळ्यात रेखीव परिच्छेद लिहिला. तो मला अजून तोंडपाठ आहे.

‘मी इतर आठ स्त्रियांसह शेडमध्ये काम करीत असता शेडच्या एकमेव दारास बाहेरून कुलूप लावलेले होते. सदर कुलूप मुकादम दिगंबर याने नेहमीप्रमाणे काम सुरू होताच लावले होते व किल्ली त्याच्याजवळ होती. दुपारी बाराच्या सुमारास दारूने अचानक पेट घेतला असता आम्ही दाराकडे धावलो व मुकादमास कुलूप उघडण्याची विनवणी केली. परंतु तत्क्षणी तो तेथून पळून गेला. अशा रीतीने केवळ दारास कुलूप असल्यामुळेच आम्हांस बाहेर पडता आले नाही.’

मी तो वाचून दाखवला. "बरोबर आहे ना, बाई?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. कुणी परक्या गावची बोली बोलावी तसं ती ऐकत होती. "हां," म्हणाली.

हात भाजलेले, म्हणून पायाच्या अंगठ्याला शाई लावून ठसा घेतला. डॉक्टरांची सही, माझी सही, वेळ दोन पंचेचाळीस. कच्चे कागद मी फाडले आणि सिस्टरांच्या बादलीत टाकले. पक्का झाला की कच्चा फाडायचा ही माझी पहिल्यापासूनची सवय. टेबल स्वच्छ राहतं.

बाहेर येऊन सविताला म्हणालो, "जा आता." ती धावत आत गेली. दोन मिनिटांत सिस्टर बाहेर आल्या. सोजरबाईंची शुद्ध हरपली होती. ती परत आली नाही.

*

खटला चार वर्षांनी उभा राहिला. माझी तोवर दोन गावांना बदली झाली होती. साक्षीच्या आदल्या दिवशी सरकारी वकील बिराजदारांनी मला सगळे कागद वाचायला दिले, आणि तिथं मी पहिल्यांदा जागेचा पंचनामा पाहिला.

पंचनामा तलाठ्यानं लिहिलेला. पंचनाम्यात दिसेल ते लिहायचं असतं, मुद्द्याचं असो वा नसो. चपला किती, विटा किती, सगळं. मधेच एक ओळ होती: ‘दाराच्या बाहेर पाच फुटांवर, लिंबाच्या बुडाशी एक स्टीलचा डबा, झाकण लावलेला, आत मेथीची भाजी व दीड भाकर. डब्यावर ‘चि. दिगंबर यास मामांकडून’ असे नाव घातलेले.’

लग्नात आलेल्या भांड्यावर देणाऱ्याचं नाव घालतात, तसं ते नाव. ओळ मी पुन्हा वाचली.

"बिराजदार, हा डबा..."

"हो, त्याचाच आहे. तो म्हणतो आदल्या दिवशी विसरला. आता डब्याला कोण विचारणार की तू कधीचा? राहू द्या. आपला सगळा भरवसा जबाबावर. फक्कड लिहिलाय तुम्ही. उद्या एवढंच म्हणा, बाईचे शब्द जसेच्या तसे."

"ती बोलली होती डब्याचं. जेवत होता, डबा ठेवला, झाकण लावलं. मेथीचा वास आला म्हणाली."

बिराजदारांनी पान लावता लावता हात थांबवला. "जबाबात कुठंय?"

"मी घेतलं नाही."

"का?"

मुद्द्याचं नव्हतं म्हणून? दिगंबर त्या दिवशी, त्या वेळी, दारापासून पाच फुटांवर होता, हे सांगणारी एकच गोष्ट जगात होती. ती बाईनं माझ्या हातात दोनदा दिली, आणि मी ती बादलीत टाकली. रात्रभर मी छताकडे बघत होतो. चार वर्षांपूर्वीची बादली कुठून आणू, एवढाच विचार डोक्यात फिरत होता.

शेठचे वकील तडवळकर. गोड बोलणारा माणूस. उलटतपासणीला उठले ते हसतच.

"कुंभोजकरसाहेब, आपण पूर्वी शिक्षक होता?"

"हो."

"मराठीचे. परिच्छेद कसा लिहावा, हे आपण उत्तम शिकवत असा, असं आपले विद्यार्थी सांगतात. जरा कोर्टालाही सांगाल?"

बिराजदारांनी हरकत घेतली. न्यायाधीश म्हणाले, सांगू द्या. मी पिंजऱ्यात उभा राहून सांगितलं. पहिल्या वाक्यात मुद्दा. मग आधार, क्रमानं. शेवटी सार. एकही नियम विसरलो नाही, हे माझं दुर्दैव.

"छान," तडवळकर म्हणाले. मग त्यांनी जबाब हातात घेतला आणि वाचायला लागले. "‘दारास बाहेरून कुलूप लावलेले होते.’ हा मुद्दा. ‘सदर कुलूप मुकादम दिगंबर याने’, हा पहिला आधार. ‘दुपारी बाराच्या सुमारास’, क्रम बरोबर. ‘अशा रीतीने’, इथं सार. साहेब, दहापैकी किती द्याल?"

मी त्यांच्या हातातल्या कागदाकडे पाहिलं.

"नव्वद टक्के भाजलेली, शाळेची पायरी न चढलेली बाई ‘तत्क्षणी’ म्हणाली?"

"आशय तिचा आहे. मांडणी माझी."

"म्हणजे शब्द आपले. मग मुद्दा कुणाचा, हे आम्ही कसं ओळखायचं?"

तेव्हा माझा धीर सुटला. बिराजदार डोळ्यांनी नको नको म्हणत होते. "ती डब्याचंही बोलली होती," मी म्हणालो. "मुकादम बाहेर जेवत होता. त्यानं डबा ठेवला, झाकण लावलं आणि पळाला. मेथीची भाजी होती. ती हे दोनदा बोलली. मी ऐकलंय. मीच लिहून घेतलं होतं."

"कुठे लिहून घेतलं होतं?"

"कच्च्या कागदावर."

"आणा तो."

"फाडला."

"जबाबात का नाही?"

"मला... ते मुद्द्याचं वाटलं नाही."

"चार वर्षांत पोलिसांना सांगितलं?"

"नाही."

"पंचनामा कधी वाचलात?"

"काल."

तडवळकर खाली बसले. आणखी विचारण्यासारखं काही उरलंच नव्हतं. कोर्टात कुणीतरी हसलं. मी न्यायाधीशांकडे वळून हात जोडले. साक्षीदारानं असं करायचं नसतं. "साहेब, मी खरं सांगतोय," मी म्हणालो. त्यांनी नजर वर न करता लघुलेखकाला सांगितलं, "एवढं घेऊ नका."

तीन आठवड्यांनी निकाल लागला. मी रजा टाकून गेलो होतो. मृत्यूपूर्व जबाब मयताच्या शब्दांत नाही, त्यावर विसंबता येत नाही, दुसरा सबळ पुरावा नाही. शेठ आणि दिगंबर, दोघेही निर्दोष. बाहेर पेढे वाटले गेले. कुणीतरी मला अंधारात ठेवलं असतं, मी दारूच्या नशेत लिहिलं असतं, लाच खाल्ली असती, तर निदान रागवायला जागा होती. मी शुद्धीत होतो, प्रामाणिक होतो आणि माझ्या विद्येनं नऊ बायकांचं मरण फुकट घालवलं होतं. दिगंबर माझ्यासमोरून गेला. जाताना त्यानं मला नमस्कार केला.

व्हरांड्याच्या टोकाला सविता उभी होती. वीस-एकवीसची झाली होती. तिच्या हातात जबाबाची नक्कल होती, कोर्टातून काढून घेतलेली.

"साहेब, वळखलं?"

"ओळखलं. सविता, मी..."

"निकालाचं न्हाई विचारत," ती म्हणाली. "ते ठावंच हुतं. मला हे विचारायचंय. हे मी लई वेळा वाचलं. यात आई कुठंच न्हाई. आई अशी बोलत नव्हती. ती दुसरं काय काय बोलली आसंल. तुमच्याबिगर कुनी ऐकलं न्हाई."

मी तिला सांगितलं. वेणी घालायची राहिली ते. शांताचं मेथीचं. सगळ्या हसल्या ते. ती भिंतीला टेकून ऐकत होती. वेणीचं ऐकल्यावर तिनं तोंडावर पदर धरला. मी थांबलो, तशी म्हणाली, "थांबू नका."

"एवढंच," मी म्हणालो.

"माझ्यासाठी कायबी न्हाई बोलली?"

नाही म्हटलं असतं तर तिथंच संपलं असतं. तिचंही, माझंही. पण नुकतंच एका पिंजऱ्यात माझं खरं कुणी घेतलं नव्हतं, आणि खोटं बोलायची ताकद आता माझ्यात नव्हती.

"बोलत होती," मी म्हणालो. "पळाले म्हणाल्यावर ती म्हणाली, ‘सविताला सांगा.’ मी म्हटलं, ते मागाहून, आधी किल्ली कुणाकडे होती ते पक्कं सांगा. तिनं सांगितलं. मग पुन्हा म्हणाली, ‘सविताला सांगा, माझी...’ मी म्हटलं, बाई, मुद्द्याचं बोला."

"मग?"

"मग मी पक्कं लिहायला घेतलं."

सवितानं माझ्याकडे पाहिलं. ती मारेल असं वाटलं, आणि मारावं असंही वाटलं. तिनं नक्कल उलटी केली, मागची कोरी बाजू माझ्यापुढे धरली.

"लिवून द्या."

"काय?"

"आई बोलली तेवढं. तिच्याच शब्दांत."

मी व्हरांड्याच्या कठड्यावर कागद ठेवून पेन काढलं. ‘सविताला सांगा, माझी’ एवढं लिहिलं आणि पेन थांबलं. वाक्य पुरं करायला मला क्षणही लागला नसता. माझी लाडकी आहे. माझी काळजी करू नको. असली पन्नास वाक्यं माझ्या हाताशी असायची, आणि यातलं कुठलंही तिनं जन्मभर उशाशी ठेवलं असतं. मी पेनाला टोपण लावलं आणि कागद तिला दिला.

तिनं वाचलं. बोटानं शेवटच्या शब्दापुढची मोकळी जागा चाचपली.

"पुढं?"

"पुढं मी तिला बोलू दिलं नाही."